मेश्रामबाईंच्या पोटातल्या पिना

मेश्रामबाई चहाचा कप आधी नाकाशी न्यायच्या आणि मग ओठांशी. चहा रोजचाच, आणून देणारा माणूसही रोजचाच, पण वास घेतल्याशिवाय पहिला घोट नाही. कुणी हसलं तर एवढंच म्हणायच्या, "मले डाउट येऊन राह्यला." कसला, ते सांगायच्या नाहीत. छापील कागदावर त्यांचा विश्वास नव्हता, मोठ्या साहेबाच्या सहीवर नव्हता, आणि गोड बोलणाऱ्या माणसावर तर मुळीच नव्हता. विश्वास होता तो फक्त स्वतःच्या कानांवर.

आमचं टेलिफोन एक्स्चेंज दोन खोल्यांचं होतं. चंद्रपूरहून निघालं की गोंडपिपरी लागते, ती मागे टाकून आलापल्लीच्या रस्त्याला लागलं की वाटेत हे गाव. नाव सांगत नाही, बाईंच्या ओळखीची माणसं अजून तिथं आहेत. गडचिरोली जिल्हा वेगळा होऊन तेव्हा दोन-तीन वर्षं झाली असतील. गावात फोन शंभराच्या आतच. कुणी आपल्या फोनचा दांडा फिरवला की बोर्डावर त्याच्या नंबरची बारकी झाकणी खटकन खाली पडायची. आपण वायरीचा प्लग त्या भोकात घालायचा, कोण हवंय ते विचारायचं, आणि दुसरा प्लग हव्या त्या नंबरात घालायचा. काम एवढंच. पण बाई कुणाला नंबर विचारत नसत. पलीकडून नुसतं "हॅलो" आलं की "लावते, गुरुजी" म्हणत प्लग घालून मोकळ्या. शंभर नंबर, शंभर आवाज, कोण कुणाशी कोणत्या वारी बोलतो, सगळं त्यांच्या डोक्यात होतं. भिंतीवर नंबरांची यादी लावलेली होती. ती आमच्यासाठी.

मी वरोऱ्याची. ठरलेलं लग्न मोडलं म्हणून मीच बदली मागून घेतली होती. हे मी तिथं कुणाला सांगितलं नव्हतं. पहिल्या दिवशी बाईंनी मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं.

"वरोरा सोडून इथी जंगलात कोण येते व? मले डाउट येऊन राह्यला."

मी काहीतरी उत्तर दिलं. तिसऱ्या दिवशी मी घरी फोन केला, आईशी दोन मिनिटं बोलले. कानावरचा हेडफोन काढला तर बाई शांतपणे म्हणाल्या, "मायशी बोलतानी 'सगळं ठीक आहे' तीन डाव म्हणाली तू, मंदा. ठीक असन तर माणूस एकच डाव म्हणते."

मला रडू आलं. त्यांनी पुढं एक शब्द विचारला नाही. दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या डब्यात माझ्यासाठी दोन भाकरी जास्त यायला लागल्या, एवढंच. मात्र त्या भाकरी मी खाते की टाकते, यावरही त्यांचं लक्ष असायचं.

त्यांच्या कानांची एक गोष्ट सगळ्या खात्यात सांगितली जायची, आणि ती माझ्यासमोर घडली. एका दुपारी झाकणी पडली. बाईंनी प्लग घातला. पलीकडून भारदस्त आवाज आला, "मी फॉरेस्टचा साहेब बोलतोय. सागवानाच्या डेपोचं गेट द्या, लवकर." आवाज साहेबांचाच होता. निदान मला तसाच वाटला. पण पडलेली झाकणी साहेबांच्या बंगल्याची नव्हती, राइस मिलची होती.

"डेपोची लाइन बिझी आहे, साहेब. होल्ड करा," बाई म्हणाल्या, आणि दुसऱ्या प्लगनं बंगला लावला. साहेबांच्या बायकोनं सांगितलं की साहेब जेवून झोपलेत. मग बाईंनी डेपो लावला आणि गेटवरच्या माणसाला म्हणाल्या, "आता तुले साहेबाचा फोन येईन. एखादा ट्रक सोड म्हणन. सोडू नोको." ट्रक अडकला. वरती बांबू होता आणि खाली चोरीचं सागवान.

आठवड्यानं खरे साहेब आभार मानायला एक्स्चेंजमध्ये आले. बाईंनी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. जागेवरून न उठता त्या म्हणाल्या, "तुमीच साहेब कशावरून? दारामागं जाऊन बोला बरं." साहेब निमूटपणे दारामागं गेले आणि तिथून नमस्कार म्हणाले. तेव्हा कुठं बाई उठल्या.

उठणं त्यांना सोपं नव्हतं. बाईंचं अंग फार मोठं होतं. एक्स्चेंजची वेताची खुर्ची त्यांच्याखाली दोनदा मोडली होती, म्हणून सुताराकडून खास लाकडी बाक करून घेतला होता. गुडघे गेले होते. घर ते एक्स्चेंज या पाच मिनिटांच्या वाटेत त्या तीन ठिकाणी थांबायच्या, आणि थांबण्यासाठी प्रत्येक ठिकाणी काहीतरी निमित्त शोधायच्या. एका दारात भाजीची चौकशी, दुसऱ्या दारात कुणाच्या तब्येतीची. त्यांचे यजमान, किसनभाऊ, आलापल्लीला फॉरेस्ट गार्ड होते. रविवारी यायचे. मूलबाळ नव्हतं. बुद्धविहारात पौर्णिमेला सगळे खाली बसायचे, बाई दारातल्या पायरीवर बसायच्या. खाली बसलं तर उठवायला चार माणसं लागतील, म्हणून.

दवाखान्यातल्या काट्यावर त्या उभ्या राहिल्या की काटा टोकाला जाऊन अडायचा. डॉक्टर म्हणाले, खरं वजन कळल्याशिवाय औषध कसं ठरवू. मग त्या आणि मी राइस मिलमध्ये गेलो. तिथं धानाची पोती मोजायचा मोठा काटा होता. बाई पाट्यावर चढल्या. मोजणाऱ्यानं वजनं ठेवली, काढली, पुन्हा ठेवली. पलीकडे पोती उचलणारे चार हमाल होते. त्यातला एक दुसऱ्याला हळूच म्हणाला, "पावणेदोन पोते." ते हसले पण नाहीत मोठ्यानं. बाईंच्या कानांना मात्र ते ऐकू गेलंच. त्या दिवशी बाई वाटेत कुठंच थांबल्या नाहीत. धापा टाकत सरळ एक्स्चेंजपर्यंत आल्या आणि बोर्डासमोर बसल्या.

त्यांचा धाकटा भाऊ मुंबईत एका इस्पितळात वॉर्डात कामाला होता. तिथल्या एका सर्जननं परदेशात शिकून येऊन जाड माणसांचं एक नवीन ऑपरेशन सुरू केलं होतं. पोटाची पिशवी पिना मारून लहान करायची, म्हणजे माणूस चार घासांत उठतो. भावानं फोनवर समजावून सांगितलं. मी शेजारी होते, म्हणून मला कळलं. एरवी बाईंनी ते कुणालाच कळू दिलं नसतं.

"ऑफिसात कागदाले मारतो तशा पिना?" त्यांनी विचारलं.

"तशाच, बाई. पण सोडून नाई जात."

"मले डाउट आहे," बाई म्हणाल्या. तरीही दोन महिन्यांनी गेल्या. जाताना मला दम भरला. "गावात सांगजो, हर्नियाचं आहे. वजनासाठी पोट कापून घेतलं म्हणन तर लोक मरेपावतो हसतीन." किसनभाऊंनाही त्यांनी तशीच शपथ घातली होती.

त्या दीड महिन्यानं परत आल्या आणि कामावर बसल्या तेव्हा आम्ही बघतच राहिलो. गाल उतरले होते. पुढच्या दोन महिन्यांत ब्लाउज तीनदा आत घ्यावे लागले. बायका दारात थांबवून विचारायच्या, कोणत्या डॉक्टरचं औषध आहे. बाई खूश होत्या. वाटेत थांबायच्या नाहीत. जेवायला डब्याचं नुसतं झाकण आणायच्या, त्यात मूठभर भात. तेवढाही पोटात राहत नसे. जेवण झालं की मागच्या मोरीत जायच्या आणि पाण्याचा नळ सोडायच्या. नळाच्या आवाजामागची उलटी मला ऐकू यायची. मी इतके दिवस त्यांच्याजवळ बसून ऐकायला शिकले होते.

"गोळ्या दिल्या ना त्याइनं? घेऊन राह्यल्या का?" मी एकदा विचारलं.

"ताकदीच्या गोळ्या होत्या. त्या घेतल्या की आखीन ओकारी येते. गोळ्या खपवाचे धंदे आहेत सारे. फेकल्या."

"मंग एकदा दाखवून या मुंबईले."

"वजन उतरून राह्यलं ना? बस झालं."

त्यानंतर एकेक गोष्ट बिघडत गेली. आधी आली ती दुर्गंधी. बाईंच्या तोंडाला एक आंबूस-गोडसर वास यायला लागला. आमच्याकडे तो वास सगळ्यांना माहीत असतो. दारूसाठी मोहफुलं भिजत घातलेल्या भांड्यावरचं झाकण काढलं की येतो, तसला. मला पहिल्यांदा तो वास आला तेव्हा मी स्वतःलाच गप्प केलं. मग त्यांची चाल बदलली. दोन पाय फाकवून, भिंतीला हात लावत चालायच्या. मग प्लग चुकायला लागले. पोलीस ठाण्याचा फोन शाळेत जायचा, शाळेचा मिलमध्ये. बाई एक डोळा मिटून बोर्डाकडे बघायच्या. विचारलं तर म्हणायच्या, "झोप नाई झाली."

गावात तर्क सुरू झाले. कुणी म्हणालं टीबी. कुणी म्हणालं करणी. नवऱ्याची आलापल्लीला दुसरी बायको आहे, तिनं केली. कुणी म्हणालं मुंबईला नेऊन भावानंच किडनी काढून विकली, म्हणून बाई वाळत चालली. यातलं एकही मला पटत नव्हतं, कारण मला वास आला होता.

आणि बाईंना माझाच संशय यायला लागला. एका दुपारी त्यांनी हेडफोन बोर्डावर ठेवला आणि माझ्याकडे वळल्या.

"तू नंबर बदलवून राह्यली, मंदा."

"मी काऊन बदलवीन, बाई?"

"माही जागा पाह्यजे तुले. रोज येते अन् भोकं इकडचे तिकडे करते, चोर कुठची. मले समजत नाई का?"

मी उठून बाहेर गेले. ज्या बाईनं मला दोन भाकरी जास्त आणल्या, तिनं चोर म्हणावं, हे मला सहन झालं नाही. त्या दिवसापासून आम्ही कामापुरतंच बोलायचो.

पुढच्या आठवड्यात एक वाईट घटना घडली. मी जेवायला गेले होते. आतल्या एका खेड्याच्या आरोग्य केंद्रातून नर्सचा फोन आला. एक बाई बाळंतपणात अडली आहे, मूल आडवं आहे, चंद्रपूरच्या मोठ्या दवाखान्यातून गाडी पाठवायला सांगा. बाई म्हणाल्या, "लावते. तुमी ठेवा." आणि लावला नाही. कॉलची चिठ्ठी केली नाही, कुणाला सांगितलं नाही. नर्स दोन तास गाडीची वाट पाहत बसली. शेवटी बांबूच्या ट्रकमधून त्या बाळंतिणीला नेलं. ती वाचली. मूल वाचलं नाही.

नर्स स्वतः तक्रार घेऊन आली. तिच्या वहीत फोनची वेळ लिहिलेली होती. सुपरवायझरनं आम्हा दोघींना समोर उभं केलं.

"असा फोन आलाच नाई," बाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात जरासुद्धा कंप नव्हता. "त्या टायमाले मी गोंडपिपरीचा कॉल जोडून राह्यली होती. कापसाच्या व्यापाऱ्याचा. तो म्हणे, भाव पडला."

मी एक्स्चेंजची कॉलची वही काढून बघितली. गोंडपिपरीचा तो कॉल खरा होता, पण आठ दिवसांपूर्वीचा. त्या दिवशी तसला कॉल नव्हताच. नर्स खाली बसून रडत होती आणि बाई तिच्याकडे नुसत्या बघत होत्या. एवढं धडधडीत खोटं बाईंच्या तोंडून मी कधी ऐकलं नव्हतं. दारामागून आवाज ओळखणारी बाई, आणि आता अशी.

सुपरवायझरनं मला बाजूला घेऊन विचारलं, तुला काय वाटतं. मी बसले आणि लिहून दिलं. तोंडाला वास येतो, चालताना झोक जातो, प्लग चुकतात, खोटं बोलतात. मोहाची दारू पीत असाव्यात असा मला संशय आहे. खाली सही केली. ते लिहिताना मला ते मूल मेल्याचा राग आला होता, हे खरं. चोर म्हणाल्याचा राग आला होता, हेही खरं. कोणता जास्त होता, ते मी आजपर्यंत ठरवू शकलेले नाही.

चौकशी होईपर्यंत बाईंना घरी बसवलं. किसनभाऊ रजा टाकून आले. बायको भिंतीला धरून चालते, अन्न राहत नाही, हे बघून त्यांनी गावातल्या एका खासगी डॉक्टरला घरी बोलावलं. त्यानं अशक्तपणा आहे म्हणून हाताला ग्लुकोजच्या दोन बाटल्या लावल्या. आमच्याकडे कुणाचं काहीही दुखलं की हीच बाटली लागते, आणि माणसाला तेवढ्यानं बरंही वाटतं. बाईंना वाटलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या उठू शकेनात. नवऱ्याला भावाच्या नावानं हाका मारायला लागल्या. किसनभाऊ एक्स्चेंजच्या दारात येऊन उभे राहिले.

"मंदाबाई, चंद्रपूरले नेतो. सोबत बाईमाणूस पाह्यजे. येता का?"

मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं. माझ्या कागदाचं त्यांना काही माहीत नव्हतं. मी गेले.

फॉरेस्टच्या जीपमध्ये मागं गादी टाकून बाईंना झोपवलं. त्यांचं डोकं माझ्या मांडीवर होतं. वजन इतकं उतरलं होतं की मला ते जड वाटलं नाही.

चंद्रपूरच्या दवाखान्यातले डॉक्टर तरुण होते, पुण्याकडचे. त्यांनी बाईंच्या डोळ्यांसमोर बोट धरलं आणि डावीउजवीकडे नेलं. डोळे बोटामागं जाईनात, जागच्या जागी थरथरत राहिले. त्यांनी तोंडाजवळ वाकून वास घेतला.

"रोज किती पितात या?"

किसनभाऊंचा चेहरा काळवंडला. "साहेब, थे चहासुद्धा वास घेतल्याबिगर पीत नाई. दारू कुठची पिते?"

"असे डोळे आणि अशी चाल मी दारू पिणाऱ्यांतच बघितली आहे. वर्षानुवर्षं पितात, जेवत नाहीत, आणि मग हे होतं. लपवू नका."

मला सुटल्यासारखं वाटलं, हे मी कबूल करते. माझं लिहिणं खरं ठरत होतं. त्या एका क्षणी मला बाईंच्या जिवापेक्षा माझ्या कागदाची काळजी जास्त होती.

डॉक्टरांनी पोट तपासायला पदर बाजूला केला. छातीच्या हाडाखालून बेंबीपर्यंत उभा, गुलाबी व्रण होता.

"हे कसलं ऑपरेशन?"

"हर्नियाचं," किसनभाऊ म्हणाले.

"हर्नियाला इथं कुणी कापत नाही. तुम्ही माझ्याशी खोटं बोलताय, आणि मला ते का, ते समजत नाही. यांचा जीव जाईल, कळतंय का?"

किसनभाऊ बायकोकडे बघत राहिले. शपथ तिची होती आणि ती शुद्धीवर नव्हती. मग त्यांनी खाली मान घालून सगळं सांगितलं. मुंबई, मेहुणा, पिना.

डॉक्टर खुर्ची ओढून बसले. "उलट्या होत होत्या का?"

"होत असन थोड्या," किसनभाऊ म्हणाले. त्यांना ठाऊक नव्हतं. रविवारी बाई जेवायच्याच नाहीत, उपास म्हणायच्या.

"रोज," मी म्हणाले. "दोन महिने झाले. जेवल्या की लगेच. गोळ्याही फेकून दिल्या. अन् काल ग्लुकोजच्या दोन बाटल्या लावल्या."

बाटल्यांचं ऐकल्याबरोबर डॉक्टर उठले आणि आधी नर्सला इंजेक्शन आणायला पाठवलं. ते टोचून झाल्यावर मग समजावून सांगायला बसले. म्हणाले, बी-वन नावाचं एक जीवनसत्त्व असतं, हे इंजेक्शन त्याचंच. शरीर त्याचा साठा फार दिवस ठेवत नाही. काही आठवडे पोटात काही राहिलं नाही की ते संपतं, आणि ते नसलं की मेंदूचा काही भाग उपाशी मरायला लागतो. दारुड्याचं तेच होतं, यांचंही तेच झालं असावं. त्यात नुसती साखर नसेतून दिली, तर ती जाळायला उरलंसुरलंही खर्च होतं. तोंडाचा वास दारूचा नव्हे. उपाशी शरीर स्वतःची चरबी जाळतं तेव्हा असा वास येतो.

"म्हणजे पोट कापलं अन् डोकं गेलं?" किसनभाऊंनी विचारलं.

"ऑपरेशननं थेट नाही. उलट्या, न घेतलेल्या गोळ्या, परत न दाखवणं, ही बाटली. नक्की कशानं, ते मी छातीठोक सांगू शकत नाही. मी असा रुग्ण वाचला आहे, बघितला नव्हता. पण खात्री करत बसायला वेळ नाही."

दुसऱ्या दिवशी बाईंचे डोळे स्थिरावले. आम्हाला चमत्कारच वाटला. त्यांनी मला ओळखलं. "मंदा, बोर्डावर कोण आहे?" असं विचारलं. मी सांगितलं. दहा मिनिटांनी पुन्हा विचारलं, "मंदा, बोर्डावर कोण आहे?" मी पुन्हा सांगितलं. दुपारपर्यंत बारा-तेरा वेळा सांगितलं असेल. संध्याकाळी नर्सनं जेवलात का विचारलं, तर त्या म्हणाल्या, "हो, आत्ताच वांग्याची भाजी खाल्ली, हिनं आणली होती." मी काही आणलं नव्हतं, त्या काही जेवल्या नव्हत्या. तोच कंप नसलेला आवाज.

डॉक्टर मला बाहेर म्हणाले, "त्या खोटं बोलत नाहीत. मेंदूला जिथं भोक पडतं तिथं तो स्वतःच काहीतरी भरतो, जुन्यातलं उचलून. बोलणाऱ्याला ते खरंच वाटतं."

मला कापसाच्या व्यापाऱ्याचा कॉल आठवला.

पाय महिनाभरात निम्मे सुधारले. डोकं तेवढंच राहिलं. जुनं सगळं शाबूत, नवीन काही टिकत नाही. शंभर नंबर विचारा, शंभर सांगायच्या. पण नंबर मागितलेला कोणता, ते प्लग हातात घेईपर्यंत विसरायच्या. त्या अडलेल्या बाईच्या मुलाबद्दल किसनभाऊंनी त्यांना एकदा सांगितलं, वॉर्डातच. बाई छाती धरून रडल्या. पाव तासानं विचारायला लागल्या, माहे डोळे कायले सुजले? त्यानंतर किसनभाऊंनी मला सांगून ठेवलं, "आता नाई सांगाचं. दर डाव नव्यानं दुःख होईन तिले."

त्याच व्हरांड्यात त्यांनी मला आणखी एक गोष्ट विचारली. "कोणीतरी लिहून दिलं, ती पिते म्हणून. सुपरवायझर नाव नाई सांगत. तुमाले मालूम आहे का?"

"नाई," मी म्हणाले.

डॉक्टरांचा कागद घेऊन मी सुपरवायझरकडे गेले आणि माझं म्हणणं मागं घेतल्याचं लिहून दिलं. चौकशी मिटली. बाईंना आजारपणावर नोकरीतून मोकळं केलं. किसनभाऊ त्यांना आलापल्लीला क्वार्टरवर घेऊन गेले. तक्रार करणाऱ्या नर्सला कुणी काय समजावलं, समजावलं की नाही, मला माहीत नाही. मी तिच्याकडे गेले नाही.

चार वर्षांनी मला वरोऱ्याला परत बदली मिळाली. तिथं बोर्ड नव्हता, मशीन आलं होतं. लोक आपापले नंबर फिरवायचे. जाण्याआधी मी एका सकाळी आलापल्लीची बस धरली.

क्वार्टरच्या अंगणात बाई खाटेवर बसल्या होत्या. हाताशी काठी. अंग आता बेताचं, चेहरा म्हातारा. मी फाटकातून हाक मारली, "बाई." त्यांनी मान वळवायच्या आधीच म्हटलं, "मंदा, वरोऱ्याची." किसनभाऊ आत चुलीपाशी होते. त्यांनी पाणी आणून दिलं आणि पुन्हा आत गेले.

आम्ही बोललो. जुन्या बोर्डाचं, साहेबांचं, गुरुजींचं. मला वाटलं, आज सांगितलं नाही तर कधीच नाही. मी त्यांचा हात धरला.

"बाई, तुमी पिता असं लिहून मीच दिलं होतं. सुपरवायझरले. सही माहीच होती."

त्यांनी हात काढून घेतला नाही.  "काऊन व?" त्यांनी विचारलं.

"मले वास आला होता. अन् तुमी मले चोर म्हणाल्या, त्याचा राग होता."

"मी म्हणाली?"

"हो."

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मग म्हणाल्या, "मले विचारा लागत होतं तुनं, मंदा. एकच डाव विचारा लागत होतं." मी मान हलवली. 

शेजारची बाई पाखडायचं सूप घेऊन फाटकापाशी आली. किती वेळ गेला असेल, पाच मिनिटं, सात मिनिटं. मेश्रामबाईंनी डोळे पुसले आणि तिला हसून सांगितलं, "हे मंदा. हिनंच मले चंद्रपूरले नेलं, नाई तर मी मेली असती. मुंबईतही हीच होती माह्या संग, ऑपरेशनच्या टायमाले." मी मुंबईला गेले नव्हते. मी ते दुरुस्त केलं नाही. मला पुन्हा ते सगळं सांगायचं धाडस नव्हतं, आणि सांगितलं असतं तरी ते किती वेळ टिकलं असतं.

किसनभाऊ मला बसपर्यंत पोचवायला निघाले. स्टँड क्वार्टरच्या समोरच, रस्त्यापलीकडे होता.  गाडी दिसल्यावर म्हणाले, "मी आत होतो. सारं आयकू आलं."

मी पिशवी उचलायला वाकले.

"तुमी सांगून मोकळ्या झाल्या. ती विसरून मोकळी झाली," ते म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता. "आता हे मले एकट्याले मनात ठेवा लागते."

त्यांनी माझी पिशवी गाडीत चढवून दिली आणि मागं न बघता रस्ता ओलांडून गेले.

मी खिडकीशी बसले. अंगणात मेश्रामबाई काठीवर उभ्या राहिल्या होत्या आणि गाडीकडे बघून हात वर केला होता. किसनभाऊ त्यांच्याजवळून घरात गेले, तेव्हा बाईंनी वळून त्यांना काहीतरी विचारलं. गाडीत कोण बसलंय, असं विचारलं असावं. उत्तर मिळालं की नाही, मला दिसलं नाही. त्यांनी आपल्या वर केलेल्या हाताकडे एकदा बघितलं. तो कुणासाठी वर केला, हे बहुधा त्यांना आठवत नव्हतं. तरी गाडी वळणाआड जाईपर्यंत त्यांनी तो खाली घेतला नाही.